फक्त पाहता येईल

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, गिझरच्या माहितीपत्रकाचं चौथं पान अडलं होतं, आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच तो करत होता, म्हणजे भलतंच काहीतरी. त्याने स्क्रीनवर आपलं ‘किरकोळ’ नावाचं पान उघडलं होतं. कचेरीतलं सगळं काम ज्या ॲपवर चालायचं त्याच ॲपवर, पण कामाच्या पानांपासून वेगळं, फक्त स्वतःसाठी, त्याने हे पान केलं होतं. जे कुणाशी बोलता येत नाही, बोललं तर बोलणाराच हलका वाटतो, असं सगळं तो तिथं दोन-दोन ओळींत लिहून मोकळा व्हायचा. परवा रविवारी जेवताना त्याचे सासरे म्हणाले होते, ‘या महिन्याच्या शेवटाला मी आपला माझ्या घरी परत जातो.’ त्यावर आपल्याला काय वाटलं ते लिहावं म्हणून त्याने पान काढलं होतं, आणि नेमकं काय वाटलं हेच कळत नसल्यामुळे कर्सर नुसता लुकलुकत होता. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात, त्याच्या नावाच्या निळ्या गोलाशेजारी, एक राखाडी गोल उगवला. त्यावर बाण नेला तर अक्षरं आली : अनामिक, पाहत आहे. सहा-सात सेकंद तो गोल तिथं होता. मग गेला. कागदी कपातल्या चहावर साय धरली तरी त्याने तो उचलला नाही.

कानाच्या पाळ्या आधी तापल्या आणि विचार मागून आला. त्या पानावर कुणाचा गोल येण्याचं कारणच नव्हतं. घरात हे ॲप वापरणारा तो एकटा. बायको दातांच्या लॅबमध्ये. लोकांचे दात मेणात कोरायचे, प्लास्टरच्या जबड्यात बसवून पाहायचे, असं तिचं काम. तिचे हात दिवसभर पांढरे असत आणि त्याच्या पानांबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं : ‘मला काही सांगायचं असलं तर तोंडानं सांग. मी तुझं गिऱ्हाईक नाही.’ राहता राहिले नाना, म्हणजे सासरे. नानांना त्याने दुवा दिला होता खरा, पण तो ‘घर’ नावाच्या पानाचा. ‘किरकोळ’चा दुवा त्याने देवालासुद्धा दिला नसता.

नाना आले होते आठ महिन्यांपूर्वी, मोतीबिंदूसाठी. एक डोळा झाला, तीन आठवड्यांनी दुसरा झाला, मग थंडी पडली, मग त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि मग कुणी काही विचारलं नाही आणि कुणी काही सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने ‘घर’ हे पान केलं. कुठले थेंब किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, कपडे धुण्याच्या मशीनचं कुठलं बटण आधी, जादा किल्ली कुठे. त्याचा पोटापाण्याचा धंदाच हा, घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहिण्याचा. ‘पहिल्या वापराआधी वाचा.’ ‘ओल्या हाताने प्लग काढू नका.’ सासऱ्यांसाठी त्याने घराचं माहितीपत्रक लिहिलं, इतकंच. नानांना ते फार आवडलं. पण ॲपवर खातं उघडायला सांगितल्यावर त्यांनी सरळ हात जोडले. ‘जावईबापू, ज्या दारात आधी नाव, गाव, जन्मतारीख विचारतात त्या दारात मी पाय ठेवत नाही.’ मग त्याने तो उपाय केला जो तो कचेरीत गिऱ्हाइकांसाठी रोज करायचा. कारखानदार मंडळी, त्यांना कुठलं ॲप आणि कुठलं खातं. मजकूर मंजूर करून हवा तर त्यांना दुवा पाठवायचा आणि बटण सुरू करायचं : ‘दुवा असलेल्या कुणालाही फक्त पाहता येईल.’ पाहता येईल. लिहिता येणार नाही, खोडता येणार नाही, शेरा मारता येणार नाही. नानांनी टॅबवर पान उघडून पाहिलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, ‘हे छान आहे. आमच्या कामासारखं.’ नाना चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात दोऱ्या. दोन माणसांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

समोरच्या टेबलावर आकृत्या काढणारी बाई बसायची. अंबाड्यात खोवलेली पेन्सिल दिवसातून दहा वेळा टेबलाखाली शोधणारी, आणि कचेरीत सगळ्यांचं सगळं माहीत असूनही कुणाचं काही न बोलणारी, हे दुसरं मात्र तिचं तीच सांगायची. त्याने आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

‘समजा, बाहेरच्या माणसाला आपण एक पान पाहायला दिलं. आणि त्या पानाच्या आत नंतर दुसरं पान केलं. ते त्याला दिसतं का?’

‘दिसतं की.’

‘आपोआप?’

‘मग? सासूला घराची किल्ली दिली तर ती काय फक्त बैठकीत बसून राहते?’ तिने मान वर केली. ‘पण हे तुम्ही मला काय विचारताय? गिऱ्हाइकांना पानं पाठवायची ती सूचना तुम्हीच लिहिली आहे ना? ठळक अक्षरांत.’

लिहिली होती. गेल्या वर्षी, अशाच एका गोंधळानंतर, साहेबांनी त्यालाच बसवून लिहून घेतली होती. ‘वरचं पान दिलं की त्याच्या पोटातली सगळी पानं जातात. देण्याआधी पोट तपासा.’ ‘पोट तपासा’वर तेव्हा सगळे हसले होते आणि त्यालाही स्वतःचं कौतुक वाटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. त्याला ती संध्याकाळसुद्धा आठवली. नानांच्या थेंबांची वेळ बदलायची होती म्हणून ‘घर’ समोर उघडं होतं, मनात भलताच वैताग होता, आणि उठून खासगी कप्प्यात जायचा कंटाळा म्हणून त्याने तिथंच, त्याच पानाच्या तळाशी, ‘नवं पान’ दाबलं होतं. दोन ओळींसाठी. उद्या उचलून दुसरीकडे ठेवू म्हणून. तो उद्या सात महिने लांबला होता.

आता त्याने ‘किरकोळ’ वरून खाली वाचायला घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं. तेही नव्याने उघडलेल्या, ताज्या डोळ्यांनी. पहिली नोंद : ‘सपाता. पहाटे साडेपाच ते सहा, फरशीवर सपाता ओढण्याचा आवाज. दिवसातला माझा हा एकच अर्धा तास.’ खाली तारीख. त्या अर्ध्या तासाची त्याला आठवण झाली. स्वयंपाकघरातल्या छोट्या दिव्याखाली एकट्याने बसायचं, काही करायचं नाही, फ्रिजची घरघर ऐकायची. लहानपणी खाटेखाली शिरून बसण्यात जो आनंद असायचा तोच तो, वय वाढल्यावरचा. आणि मग त्या अर्ध्या तासात सर्र, सर्र, सर्र. पण सपातांचा आवाज कधी बंद झाला? झाला होता खरा. एका रविवारी नाना बायकोबरोबर बाजारात गेले होते आणि बनातीच्या मऊ तळाच्या सपाता घेऊन आले होते. ‘जुन्या झिजल्या,’ म्हणाले होते. त्याने जुन्या सपाता पाहिल्या होत्या, कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट जोडून ठेवलेल्या. झिजलेल्या नव्हत्या. तेव्हा त्याला एवढंच वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांना एकेका गोष्टीची हौस असते.

‘पेपर. माझ्या आधी उघडला जातो आणि उलटा मिटला जातो.’ हल्ली पेपर दाराजवळ घडीचा घडी पडलेला असायचा, तो कचेरीत निघून जाईपर्यंत. तो धरून चालला होता की नानांचे डोळे अजून बारीक टाइपाला सरावले नसावेत, आणि एकदा दयेने विचारलंही होतं, ‘वाचून दाखवू का?’ नाना म्हणाले होते, ‘नको, दुपारी बघतो सावकाश.’ ‘घसा. बोलण्याआधी खाकरणं, दोनदा, प्रत्येक वाक्याच्या आधी.’ मध्यंतरी नानांनी जेवताना पाण्याचा पेला जवळ ठेवायला सुरुवात केली होती. काही बोलायचं असलं की आधी एक घोट. त्यावर त्याने काय म्हणावं? ‘पाणी प्यायची सवय चांगली हो, नाना.’ हे आठवल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आकृत्या काढणाऱ्या बाईने एकवार पाहिलं आणि पुन्हा गिझरच्या नळीत डोकं घातलं.

खोलीबद्दल तर सलग चार नोंदी होत्या. खिडकीची ती छोटी खोली पूर्वी त्याची होती. एक टेबल, एक खुर्ची आणि समोर शेजारच्या इमारतीच्या भिंतीवरचा उन्हाचा पट्टा, जो चार वाजता बरोबर त्याच्या कोपरावर यायचा. ती नानांना दिली. दिली म्हणजे द्यावीच लागली, नाहीतर माणूस झोपणार कुठे? पण लिहिताना त्याने लिहिलं होतं, ‘कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं.’ त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नाना म्हणाले होते की खिडकीतला उजेड ऑपरेशनच्या डोळ्यांना टोचतो, पलंग आतल्या भिंतीला लावू, आणि तो कोपरा रिकामाच राहणार तर तुमचं टेबल आणा परत. सुट्टीच्या दिवशी दुपारभर मी गॅलरीत असतो, तुम्ही बसा. तो बसला होता. चार महिने सुट्टीच्या दुपारी बसत होता, कोपरावर ऊन घेत होता, आणि डोळ्यांना टोचणारा उजेड गॅलरीत का टोचत नाही हा साधा प्रश्न या शहाण्याच्या मनात आला नव्हता.

आणि सगळ्यात वाईट नोंद ही नव्हतीच. वाईट नोंद दोन महिन्यांपूर्वीची, अतिशय समाधानाने लिहिलेली. ‘हल्ली घरात बरं वाटतं. झाली एकदाची सवय. वेळ दिला की माणूस कशाशीही जमवून घेतो. मी घेतलं.’ मी घेतलं. त्या तीन शब्दांकडे तो बघत राहिला. खरंच बरं वाटत होतं, यात खोटं काही नव्हतं. गेले चार-पाच महिने तो सुखात होता. सकाळी फ्रिजची घरघर, कोरा पेपर, दुपारचं ऊन, शांत जेवण. संध्याकाळी बायको हात धुता धुता कुणाच्या तरी वाकड्या सुळ्याची गंमत सांगायची, नाना हसायचे, तो हसायचा. त्याला वाटायचं, आपल्यात एक समंजसपणा आला आहे, पन्नाशीजवळ येतो म्हणतात तो. ते सगळं सुख दुसऱ्या कुणीतरी, एकेक ओळ वाचून, एकेक खिळा ठोकून त्याला करून दिलं होतं. आणि त्या माणसाने ‘मी घेतलं’सुद्धा वाचलं होतं. हसला असेल का? त्याला मनापासून वाटलं की हसला असावा. तेवढं झालं असलं तरी पुष्कळ.

पण नानांच्या गोष्टी. ‘एक्सचेंजच्या गोष्टी. आज तीच, चौथ्यांदा. धरणावरचा इंजिनिअर. पाठ झाली आहे.’ तो इंजिनिअर दर शुक्रवारी धरणाच्या कामावरून शहरातल्या एका बाईला फोन लावायचा, आणि तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने लावला तेव्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही, लाइन तुटली असं समजून नानांनी कान लावला तर लाइन चालू होती. इथंच गोष्ट संपायची. चौथ्या वेळी मात्र नाना पुढे म्हणाले होते, ‘त्याच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही,’ आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला होता, गिऱ्हाइकाचा, आणि तो उठून गेला होता. परत आल्यावर विचारायला हवं होतं. विचारण्याऐवजी त्याने ही नोंद केली. त्यानंतर एक्सचेंजची एकही गोष्ट झाली नाही. इंजिनिअर नाही, चुकून दोन सासवांना जोडून दिल्याची नाही, रडणाऱ्या पोराला आई सापडेपर्यंत बोलत ठेवल्याची नाही. घरातून एक माणूस हळूहळू आवाज कमी करत गेला होता आणि त्याने त्याला शांतता म्हटलं होतं. शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची : ‘आज घर रिकामं असावं असं वाटलं. कुणीच नको. नाना तर नकोतच.’ त्या दिवशी काय झालं होतं ते त्याला आठवेना. बहुधा काहीच नाही. साहेब ओरडले असतील, नाहीतर दाढ दुखत असेल. माणूस असं लिहितो आणि विसरतो. वाचणारा विसरत नाही. सपाता बदलता येतात, घोटभर पाणी पिता येतं, पलंग हलवता येतो. पण ‘नकोतच’ला करण्यासारखं एकच असतं, आणि ते नानांनी रविवारी सांगितलं होतं.

दुपारभर त्याने गिझरचं काही लिहिलं नाही. दुवा चालू-बंद करायची ‘वाटून घ्या’ची चौकट उघडून तो त्या बटणावर जाऊन यायचा. बंद केलं की झालं, दुवा मेला. पण नाना बहुधा रोज याच वेळी बघत असणार; उद्या अकरा वाजून दहा मिनिटांनी ते टॅब उघडणार आणि समोर येणार, ‘हे पान आता उपलब्ध नाही.’ तोंडावर दार लावणं म्हणजे वेगळं काय असतं? आणि बंद केलं की नानांना कळणार की याला कळलं. मग दोघांना एकमेकांकडे बघून बोलावं लागणार, माफी मागावी लागणार, नाना ‘छे हो, त्यात काय’ म्हणणार, आणि महिन्याच्या शेवटाला टॅक्सी बोलवावी लागणार. नाना गेले तर घर पूर्वीसारखं होईल हे त्याला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी हवं होतं तेच. आणि संध्याकाळ होता होता, बसमध्ये दांड्याला लटकलेला असताना, त्याला लख्ख कळलं की आपल्याला ते नको आहे. सकाळी जे लिहिता येत नव्हतं ते हेच होतं.

घरी आला तेव्हा नाना गॅलरीत स्टुलावर बसून घरातल्या चार्जरांच्या वायरी गुंडाळत होते. हा त्यांचा आवडता उद्योग. वायर दिसली की तिचं नीट वेटोळं झालंच पाहिजे. आत पलंगावर माळ्यावरून काढलेली बॅग उघडी होती, तळाला दोन शर्ट. बायको अजून यायची होती. तो समोरच्या कुंडीच्या काठावर टेकला.

‘नाना, एक विचारू? एक्सचेंजमध्ये तुम्हाला लोकांचं बोलणं ऐकू यायचं?’

‘यायचंच की. रोज अकराला लाइनी तपासायचा नियम होता. लाइन चालू आहे का बघायला कान लावावाच लागतो. दोघं बोलतायत एवढं कळलं की कान काढायचा.’

‘आणि तेवढ्यात काही कानावर पडलं तर?’

‘ते आपल्याला सांगितलेलं नसतं.’ नानांनी वेटोळ्याला रबर लावलं. ‘लक्षात ठेवायचं नाही.’

‘राहतं हो लक्षात.’

‘राहतं,’ नाना म्हणाले, आणि पुढचं बोलण्याआधी ते शेजारच्या पेल्यातलं घोटभर पाणी प्याले. त्या घोटाकडे पाहणं त्याला जड गेलं. ‘पण तोंडातून काढायचं नाही. एखाद्याची लाइन खरखरत असली, तर चांगली तार बघून त्याला तिच्यावर घ्यायचं. त्याला कशाला सांगायचं? तो आपला बोलतोय बिचारा.’

‘आणि तुम्हाला त्यांनी वाईट काही बोललेलं ऐकू आलं तर? ऑपरेटरला शिव्या वगैरे?’

नाना हसले. ‘पुष्कळ. लाइन लागेना की पहिली शिवी ऑपरेटरला. ती मनावर घेतली असती तर चौतीस वर्षं कशी निघाली असती?’ मग दुसरी वायर हातात घेत, ‘पण एखाद्याला लाइनच नको असली तर आपण कशाला धरून ठेवायची, जावईबापू? सोडून द्यावी. दुसऱ्या कुणाच्या कामी येते.’

एवढं बोलून त्यांनी वायरीत मान घातली. इथं बोलावं, अगदी आत्ता बोलावं, असं त्याच्या घशाशी आलं होतं. पण चौतीस वर्षांचा नियम होता तो, आणि तो आपल्या सोयीसाठी मोडायला लावणं त्याला बरं वाटेना. ज्या वाटेनं गेलं होतं त्याच वाटेनं परत यायला हवं होतं. त्याने एक वायर उचलली आणि गुंडाळायला घेतली. नानांनी पाहिलं, ‘अशी नाही, अशी,’ म्हणून त्याच्या हातातून घेतली, आणि दोघं अंधार पडेपर्यंत घरातल्या सगळ्या वायरी गुंडाळत बसले. बायको आली आणि म्हणाली, ‘फोन कुणी लावला नाही का चार्जिंगला? माझा दुपारीच मेलाय.’

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्याने ‘किरकोळ’ उघडलं. पहिल्यांदा वाटलं जुनं सगळं खोडावं. मग वाटलं, नको. वाचणाऱ्याने वाचलं आहे, आता खोडणं म्हणजे पुन्हा खोटंच. त्याने नेहमीसारखी तारीख घातली आणि नेहमीसारखंच, कुणाला उद्देशून नसल्यासारखं, लिहिलं. आयुष्यात एवढ्या ‘सावधान’ आणि ‘सूचना’ लिहिल्या, पण एक ओळ लिहायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता. ‘नाना जाणार म्हणतात. त्यांनी गेलेलं मला नको आहे. नकोत असं वाटलं होतं ते एका दिवसापुरतं, आणि कशामुळे ते आठवतसुद्धा नाही. मी जमवून घेतलं असं वर लिहिलं आहे, ते चूक आहे. जमवून त्यांनी घेतलं. खोली विचारून दिली असती तरी त्यांनाच दिली असती. सपातांचं जाऊ दे, नव्या बऱ्या आहेत. पण घरात कुणी घसा खाकरत नाही आणि त्यामुळे कुणी गोष्टही सांगत नाही. त्या इंजिनिअरचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. माझा फोन वाजला होता. मी उठायला नको होतं.’

मग तो थांबला. अकरा वाजले. अकरा पाच झाले. आकृत्या काढणारी बाई पेन्सिल शोधत टेबलाखाली गेली आणि तिथूनच तिने विचारलं, ‘झालं का तुमच्या त्या माणसाचं? पोट तपासलंत?’

‘तपासलं,’ तो म्हणाला.

‘मग बंद केलंत?’

‘नाही.’

अकरा दहाला राखाडी गोल उगवला. त्याने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले, आपला काही आवाज होऊ नये म्हणून. सहा सेकंद गेले, सात गेले, गोल तिथंच. एक मिनिट झालं. नाना हळू वाचत असतील, दोन बोटांनी मोठं करून, टॅब नाकाजवळ धरून. की वाचून झालं असेल आणि नुसते बसले असतील? त्याला कळायला काही मार्ग नव्हता. त्या गोलाला लिहिता येत नव्हतं, खोडता येत नव्हतं, शेरा मारता येत नव्हता. फक्त तो होता एवढं दिसत होतं. चार मिनिटं तो होता. त्या चार मिनिटांत घरजावयापेक्षाही वाईट अवस्था झालेल्या या माणसाने, म्हणजे स्वतःच्याच घरात सासऱ्याला राहा म्हणून विनवणाऱ्या माणसाने, एक गोष्ट केली : त्याने निळा गोल तिथून हलू दिला नाही. मग राखाडी गोल गेला. त्याने गिझरचं चौथं पान एका बैठकीत लिहून काढलं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा बायको खुर्चीवरून उतरत होती, हात झटकत. ‘काल बॅग खाली काढायची, आज वर ठेवायची. या नानांना काय उद्योग नाही, आणि चढायचं मी.’ तिने खुर्ची जागेवर सरकवली. ‘लिफ्टचं अजून काही खरं नाही म्हणे त्यांच्याकडे.’

‘बरं,’ तो म्हणाला. त्याला हसू आवरेना, म्हणून तो हात धुवायला आत गेला आणि गरजेपेक्षा बराच वेळ धूत राहिला.

जेवायला बसले तिघं. बायकोने कुणाच्या तरी दाढेची हकिगत सांगितली, एका गृहस्थाला म्हणे हसताना दिसतील तेवढेच दात नवे हवे होते, बाकीचे राहू देत म्हणाले. नाना हसले. मग त्यांचा हात पेल्याकडे गेला, पेल्याला लागला, आणि पेला तिथंच राहिला. नानांनी घसा खाकरला. मग आणखी एकदा. बायकोने चमकून पाहिलं, तिला कित्येक महिन्यांत तो आवाज ऐकू आला नव्हता.

‘तो धरणावरचा इंजिनिअर,’ नाना म्हणाले.

‘नाना, ती पाठ आहे आम्हाला,’ बायको म्हणाली.

‘पुढची नाही,’ तो म्हणाला. त्याने खिशातला फोन काढून, बंद करून, फ्रिजवर ठेवून दिला आणि परत येऊन बसला.

नानांनी ताटाकडे पाहत सांगायला सुरुवात केली. ‘लाइन चालू होती. दोघंही गप्प. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये शिरून सांगायचं, वेळ संपली, असा नियम. मी नाही सांगितलं. चौतीस वर्षांत तेवढी एकदा चूक केली. पाच मिनिटं झाली, सात झाली, नऊ झाली, श्वास तेवढा ऐकू येतोय दोन्हीकडचा. आणि नवव्या मिनिटाला ती बाई बोलली. त्याच्याशी नाही. म्हणाली, ऑपरेटर, तुम्ही आहात का तिथं? आता नियम काय, तर उत्तर द्यायचं नाही. आम्ही नसतोच तिथं.’

‘मग?’ बायकोने विचारलं. तिचा घास हातात तसाच होता.

नानांनी मान वर केली. बायकोकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं, नव्या डोळ्यांनी, सरळ.

‘मग काय,’ ते म्हणाले. ‘मी म्हटलं, आहे. कुठे जाणार?’